वास नाही आला म्हणून बांगडा खायचा का?

ताई, नमस्कार.

आम्ही दापोली तालुक्यात, हर्णैपासून थोडं आत राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. सुट्टीत दोन खोल्या पर्यटकांना देतो, म्हणून मागच्या वर्षी २०० लिटरचा आडवा डीप फ्रीझर घेतला. मासेमारी बंद व्हायच्या आधी, मेच्या शेवटी, त्यात सुरमई, बांगडे आणि कोळंबी भरली. शिवाय आमरसाचे डबे, ओले काजूगर, खोवलेलं खोबरं आणि मटार. साधारण अर्धा भरला होता. गेल्या आठवड्यात वादळी पावसात सुरूचं झाड तारेवर पडलं आणि लाईट गेली, ती २६ तासांनी आली. मला राहवेना, दर दोन-अडीच तासांनी झाकण उघडून हात लावून बघत होते. लाईट आली तेव्हा वरच्या जाळीतली कोळंबी आणि बांगड्यांची पिशवी मऊ पडली होती, हाताला गारही लागत नव्हती. खोबऱ्याचंही तसंच. आमरस पातळ झालेला, पण चांगला गार. तळाची सुरमई मात्र दगडासारखी. घाईत काहीच न काढता मी बटण चालू केलं. आता सगळं पुन्हा गोठलंय. सासूबाई म्हणतात, वास नाही तर टाकायचं कशाला, आखाड आहे, खाऊन संपवू. हे म्हणतात, सगळंच टाक. काय ठेवू, काय टाकू? पुढच्या वेळी काय करू? सासऱ्यांचं इन्सुलिनही फ्रीजमध्येच होतं, त्याचंही सांगा.

– एक सून, दापोली तालुका

*

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. बांगडे टाका. कोळंबी टाका. खोबरं टाका. सुरमई ठेवा आणि निर्धास्त खा. आमरसाचा एकेक डबा उघडून बघा. बुडबुडे, फेस, जिभेवर चुरचुर किंवा ताडीसारखा आंबूस वास असेल तर तो डबा गेला, नाहीतर चांगला आहे. मटार आणि काजूगर कुठे ठेवले होते ते तुम्ही लिहिलं नाहीत, त्यांचं पुढे सांगते. म्हणजे सासूबाई अर्ध्या बरोबर आणि तुमचे हेही अर्धे बरोबर. घरात शांतता राहायला हे बरं पडेल.

इन्सुलिनचं चटकन उरकते, कारण ती माझी जागा नव्हे. एखादा दिवस खोलीतल्या हवेत राहिलं म्हणून इन्सुलिन सहसा बिघडत नाही. वापरात असलेली कुपी बहुतेक वेळा ३० अंशांच्या आत चार आठवडे चालते. तरी सोबतचा कागद वाचा आणि डॉक्टरांना एक फोन करा. जपायचं आहे ते उलट बाजूला. लाईट गेली म्हणून घाबरून कुपी बर्फात खुपसली आणि ती गोठली, तर ते इन्सुलिन निकामी झालं. वितळलं तरी वापरायचं नाही. पातळ कापडात गुंडाळून माठाच्या गारव्याला ठेवलेली कुपी त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित.

आता बांगडा. सासूबाईंच्या नाकावर माझा राग नाही. आंबलेलं पीठ, उतरलेलं दूध, खवट खोबरं हे सगळं त्या नाकाने आजवर बिनचूक ओळखलं असणार. पण बांगडा हा नाकाला फसवणारा मासा आहे. बांगडा, तारली, कुपा आणि सुरमईसुद्धा, या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा कोमट राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. हे व्हायला मासा कुजावा लागत नाही, वास यावा लागत नाही. आणि एकदा ते तयार झालं की जात नाही. तळा, उकळा, आमसुलं घाला, पुन्हा गोठवा, ते तसंच राहतं. उकळून जिवाणू मेले तरी त्यांनी केलेलं काम मागे उरतंच.

हे मला पुस्तकाआधी ताटात कळलं. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. ऐन जूनमध्ये एकदा रात्रभर लाईट नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आईने फ्रीझरमधल्या बांगड्यांचं तिखलं केलं. पिशवीत पाणी सुटलं होतं, मासे नरम होते. मी म्हटलं, आई, बघ हां. तिने पिशवी नाकाला लावली आणि म्हणाली, “खंय येता वास?” खरंच येत नव्हता. जेवताना जीभ चुणचुणली. पण तिखल्यात तिरफळं असतात आणि तिरफळाने जीभ चुणचुणतेच, त्यामुळे आम्ही दोष दिला तो तिरफळांना. अर्ध्या तासात माझे कान तापले. चेहरा आणि मान लालभडक, छातीत धडधड, डोकं ठणकायला लागलेलं. भावाच्या पोटात कळा. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “मासा कुठला होता?” ॲलर्जीवरची गोळी दिली, संध्याकाळपर्यंत सगळं ओसरलं. मग म्हणाले, तुम्हाला बांगड्याची ॲलर्जी नाही, त्या बांगड्याचीच तब्येत बरी नव्हती. गंमत म्हणून आज सांगते, पण त्या दिवशी घरात दम्याचं किंवा हृदयाचं दुखणं असलेलं कोणी असतं तर गंमत राहिली नसती. तुमच्या घरात मधुमेही सासरे आहेत आणि दोन लहान मुलं आहेत.

कोळंबीचं कारण वेगळं. तिथे हिस्टामिनची भानगड फारशी नाही, पण ती पटकन नासते, आणि तुम्हीच लिहिलंय की हाताला गार लागत नव्हती. मासळी, मटण, दूध, शिजवलेलं अन्न आणि खोवलेलं खोबरं यांना एक नियम पाळा. ४ अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिलं की गेलं. हाताला गार लागत नाही म्हणजे ४ अंशांच्या पुष्कळ वर. आणि हा प्रकार तिथे दोन तासांचा नसून रात्रभराचा असणार.

मग तळाची सुरमई का ठेवा म्हणते? तीही त्याच जातीची ना? हो, पण ती वितळलीच नाही. दगडासारखी म्हणजे तिच्या आतलं पाणी बर्फच होतं, आणि बर्फ आहे तोवर जिवाणूंना काही करता येत नाही. पुढच्या वेळी याच कसोटीने ठरवा. पाकीट दाबून बघायचं. कडक असेल, किंवा वरून नरम पण आत बर्फाचे कण करकरत असतील, तर पुन्हा गोठवता येतं, लगेच शिजवता येतं. मांस जरा भुसभुशीत लागेल, सुरमईचा तुकडा तव्यावर थोडा फुटेल, पण अपाय नाही. बर्फ संपला पण पाकीट फ्रीजमधल्या पाण्याच्या बाटलीइतकं गारेगार आहे, तर त्याच दिवशी शिजवून टाका. त्यापलीकडे गेलेलं नको.

तुमची अडचण ही की सगळं पुन्हा गोठलंय, आता दाबून काय कळणार? कळतं. पिशव्या बाहेर काढून उजेडात धरा. जी पिशवी वितळून पुन्हा गोठली आहे तिच्या खालच्या कोपऱ्यात पाण्याची वेगळी गाठ दिसते. माशाच्या पिशवीत ती गढूळ, लालसर असते. मटार सुटे खळखळत असतील तर ते वितळलेच नाहीत. सगळ्यांचा मिळून एक गोळा झाला असेल तर वितळले होते. काजूगरांचंही तेच. बर्फाच्या ट्रेमध्ये घनांच्या कडा गोल होऊन ते एकमेकांना चिकटले असतील, तर वरचा थर शून्याच्या वर गेला होता असं समजा. भाज्यांना मासळीपेक्षा थोडी जास्त सवलत आहे, सहा तासांपर्यंतची. त्यामुळे तळाशी किंवा सुरमईला लागून ठेवलेले काजूगर गोळा झाले असले तरी मी उसळ करीन. कोळंबीच्या शेजारी जाळीत होते, तर नाही. ओल्या काजूगरांचा भाव मला माहीत आहे, सोलताना बोटं कशी सोलपटतात तेही माहीत आहे. तरीही नाही. आणि कोळंबीचं पाणी ज्यावर गळलं ते काहीही नाही, मग तो बंद झाकणाचा नसलेला आमरसाचा डबा का असेना.

आमरसाला मी एवढी सूट देते ती त्याच्या आंबटपणामुळे. आंबट पदार्थात विषारी जिवाणूंना वाढणं कठीण जातं. आमरस बिघडतो तो आंबून, आणि तो बिघाड नाकाला, जिभेला लगेच कळतो. इथे सासूबाईंना पुढे करा, त्यांचं नाक इथे उपयोगी आहे.

आता २६ तासांचा हिशेब मांडू, कारण खरी चूक तिथे आहे आणि ती तुमच्या एकटीची नाही, सगळ्यांची आहे. सगळीकडे एक आकडा फिरतो: भरलेला फ्रीझर दार न उघडता ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला २४ तास, आणि साधा फ्रीज ४ तास. हे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याचे. चुकीचे नाहीत, पण तिकडच्या घरांचे आहेत. आत बर्फ वितळत असताना आतलं तापमान शून्याच्या आसपास असतं. बाहेर खोलीत २१ अंश असले तर फरक २१चा. आपल्याकडे जूनमध्ये पंखा बंद असलेल्या पडवीत ३२ अंश असतात, म्हणजे फरक ३२चा. उष्णता दीडपट वेगाने आत शिरणार. म्हणून मी आपल्याकडे ४८चे ३०, २४चे १५ धरते. तुमचा फ्रीझर अर्धा भरलेला होता, लाईट गेली २६ तास, आणि वर तुम्ही दहा-बारा वेळा झाकण उघडलंत. सुरमई वाचली हेच नवल, आणि ते श्रेय आडव्या फ्रीझरचं. थंड हवा जड असते, झाकण उघडलं तरी ती हौदातल्या पाण्यासारखी तळाशी बसून राहते. उभ्या फ्रीझरचं दार उघडलं की ती पायावर सांडते. एका दाराच्या फ्रीजमधला वरचा छोटा कप्पा तर मी हिशेबातच धरत नाही, तिथलं चार-पाच तासांत संपलं.

लाईट गेली की फ्रीझर हे यंत्र राहत नाही, नुसती बर्फाची पेटी राहते. पेटीत बर्फ किती होता आणि तुम्ही ती कितीदा उघडलीत, एवढ्यावर सगळं ठरतं. म्हणून रिकामी जागा ठेवू नका. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरा, गळ्याखाली चार बोटं मोकळी सोडा, कारण गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं आणि काठोकाठ भरलेली बाटली फुटते. या बाटल्या पावसाळाभर आतच राहू द्या. बर्फाची ताकद किती ते बघा: शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळून शून्य अंशाचंच पाणी व्हायला जेवढी उष्णता गिळतो, तेवढ्यात तेच एक किलो पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं. लिटरच्या दहा बाटल्या म्हणजे जवळपास दहा किलो बर्फ. तो वितळेपर्यंत तुमच्या मासळीचा नंबर लागायला बराच वेळ आहे.

त्यातल्या चार-पाच बाटल्या खाऱ्या करा. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम जाडं मीठ. साधा बर्फ शून्याला वितळतो, पण मासळी शून्याच्या एक-दोन अंश खालीच सैल पडायला लागते. म्हणजे साधा बर्फ मासळी गार ठेवील, कडक ठेवणार नाही. खारं पाणी उणे सहाच्या आसपास येईपर्यंत पूर्ण वितळलेलं असतं, त्यामुळे ते आपली गारी आधी खर्ची घालतं आणि मासळीला दगड राहू देतं. ज्यांनी लहानपणी पॉटचं आइस्क्रीम फिरवलंय त्यांना हे सांगायला नको; बर्फात मीठ पडलं नाही तर दूध तास तास फिरवूनही दूधच. या बाटल्यांवर खडूने नव्हे, पक्क्या मार्करने ‘खारं’ लिहा. नाहीतर तहानलेला पाहुणा घटाघटा पिईल.

मांडणीही उलटी करा. तुम्ही बांगडे आणि कोळंबी वर ठेवली, बहुधा लवकर लागतात म्हणून. ज्याचा जीव आधी जातो ते तळाला ठेवायचं, आणि वर आमरस, मटार, पाव. मासळी पसरट ट्रेमध्ये ठेवा, म्हणजे पाणी सुटलंच तर इतरांवर जाणार नाही. सुट्या पिशव्यांपेक्षा डब्यात पाणी घालून, पाण्यासकट गोठवलेली कोळंबी कितीतरी उशिरा वितळते आणि कोरडीही पडत नाही. कारखान्यांतसुद्धा कोळंबीच्या लाद्या अशाच गोठवतात.

लाईट गेली की पहिलं काम म्हणजे फ्रीझरचं बटण बंद. दुसरं, झाकणावर वेळ लिहिलेला कागद चिकटवायचा आणि घरातल्या सगळ्यांना सांगायचं की हे झाकण आता उघडायचं नाही. चहाचं दूध, रात्रीचं कालवण, काय हवं ते पहिल्याच मिनिटात एकदाच काढून घ्या. तिसरं काम वायरमनला फोन. कधी येणार असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘येईल’ हेच असतं. काय झालंय ते विचारा. जंप, म्हणजे खांबावरचा तारेचा जोड, गेलाय म्हणाला तर तास-दोन तास. डीपीत बिघाड असेल तर आजचा दिवस धरा. खांब आडवे झालेत म्हणाला तर दोन दिवसांच्या तयारीला लागा. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या कितीतरी वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. तसल्या वेळी फ्रीझर वाचवायचा नसतो, पहिल्या दिवशीच चुली पेटवून वाडीला जेवायला घालायचं असतं.

पांघरूण घालायचं तर गोधडी, वर गोणपाट. बर्फवाले लादी भाताच्या तुसात नाहीतर लाकडाच्या भुशात पुरून वर गोणपाट टाकतात, तीच विद्या. तूस भरलेली दोन पोती झाकणावर ठेवलीत तर फारच छान. पण एक ध्यानात ठेवा, आडव्या फ्रीझरच्या बाजूच्या पत्र्यांतूनच आतली उष्णता बाहेर पडते, चालू असताना हात लावला तर ते कोमट लागतात. म्हणून लाईट येताच सगळी पांघरुणं आधी काढायची आणि मगच बटण. विसरलात तर कॉम्प्रेसर उकडून निघेल.

बारा तास उलटले आणि खांबाचीच भानगड आहे असं कळलं, तर बर्फ आणा. तुमच्याजवळ हर्णै बंदर आहे, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्यावर बर्फाचे कारखानेही सगळे चालू नसतात, आधी फोन करून विचारा. लादी फोडून जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत भरा, तोंड घट्ट बांधा आणि मालाच्या वर ठेवा, गारवा खाली उतरतो. पिशवीशिवाय नको. तो बर्फ खाण्याच्या पाण्याचा असतोच असं नाही. न खाण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून त्याला निळसर रंग देण्याचा नियम २०१८ पासून आहे. डीप फ्रीझर नसलेल्या शेजारणीला सांगा, मासळीवाल्यांकडची थर्माकोलची पेटी मिळते. तीन भाग बर्फाला एक भाग जाडं मीठ, मधोमध बंद पिशवीत मासळी, झाकणाच्या फटीला चिकटपट्टी. दिवसभराची निश्चिंती. शहरात सुका बर्फ मिळतो आणि कोणी सुचवीलही. तो उणे ७८ अंशांचा असतो, उघड्या हाताने धरला तर कातडी जळते आणि बंद खोलीत त्याचा वायू साठून जीव घुसमटतो. आपल्याला त्याची गरज नाही.

इन्व्हर्टरचं पुष्कळजण विचारतात. पंख्या-दिव्यांसाठी घेतलेल्या इन्व्हर्टरवर फ्रीझर लावू नका. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो, इन्व्हर्टर ओरडून बंद पडतो आणि मग दिवाही जातो. पर्यटकांसाठी जनरेटर भाड्याने आणलात तर मात्र फ्रीझरला सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास द्या, तेवढ्यावर तो दिवस काढतो. जनरेटर पाऊस लागतो म्हणून पडवीत किंवा खोलीत घेऊ नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

लाईट आली की लगेच बटण दाबायची घाई नको. आपल्याकडे ती येते, जाते, एका फेजवर मिणमिणते, आणि त्या कमी दाबात मोटर जळते. पंधरा मिनिटं दिवा स्थिर राहिला की मग. आणि बटणाआधी पाहणी. तुम्ही तेवढं केलं असतंत तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

पाहणीत जे बर्फाळ पण सैल आहे ते लगेच शिजवा. कोळंबी अशी बर्फाळ असतानाच हाती लागली असती तर तिचं लोणचं घालता आलं असतं. सुरमईचे तुकडे हळद-मीठ लावून तळून ठेवले की निवल्यावर पुन्हा गोठवता येतात. पावसाळ्यात खारवून वाळवायच्या नादी लागू नका, ऊन नाही, माशा बसतात आणि दोन्ही जातं.

एक तारेचा डिजिटल थर्मामीटर घ्या, काही शे रुपयांना मिळतो. टोक आत मासळीत, आकडा बाहेर भिंतीवर. झाकण न उघडता कळतं आणि दर दोन तासांनी जीव वरखाली होत नाही. तो आणेपर्यंत वाटीभर पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा, वाटी वरच्या जाळीत. नाणं तळाला गेलेलं दिसलं तर मधे कधीतरी बर्फाचं पाणी झालं होतं. किती वेळ ते नाणं सांगत नाही, म्हणून घरात माणसं असताना त्याचा उपयोग मर्यादितच. पण तुमच्या वाडीतली जी घरं चाकरमान्यांची, गणपतीपर्यंत कुलूपबंद आणि फ्रीझर चालू, त्यांना हे आवर्जून सांगा. दार उघडल्याबरोबर सगळं छान गोठलेलं दिसतं आणि मधल्या महिन्यात काय झालं त्याला साक्षीदार नसतो.

राहिला प्रश्न बांगडे आणि कोळंबी टाकायचा. सासूबाईंचा जीव तुटेल, आणि मला त्या बिचाऱ्यांचं पटतंही. मेच्या शेवटी बंदरावर जाऊन घासाघीस करून आणलेली मासळी आहे ती. उकिरड्यावर टाकू नका, कुत्री-मांजरं खातील आणि त्यांनाही बाधेल. अंगणातल्या माडाच्या आळ्यात, खोडापासून हातभर लांब, गुडघाभर खड्डा घ्या. पिशव्या काढून सगळं आत, वर थोडी राख, मग माती चांगली दाबून त्यावर एक चिरा ठेवा, नाहीतर रात्रीत कोणीतरी उकरून काढतं. माडाला मासळी फार मानवते. कुठल्या माडाला घालायची ते मात्र सासूबाईंनाच ठरवू द्या.